काळी वायर

4 मे 2021, मंगळवार

जर्मनीहून मेल. आयातदाराला युरोपच्या रोह्स नियमांचं नवं डीओसी हवंय, म्हणजे घातक पदार्थ मर्यादेत असल्याचं घोषणापत्र. जुन्यात सहा पदार्थ, आता दहा लागतात. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमीनवाले दोन. हे सहा आम्हाला पाठ आहेत. नवे चार थॅलेट. पीव्हीसी मऊ करायला घालतात ते. टीव्ही-मिक्सरवाल्यांना 22 जुलै 2019 पासून लागू झाले. आमच्यासारख्या मोजमाप-नियंत्रणाच्या उपकरणांना दोन वर्षं जास्त दिली होती. ती या 22 जुलैला संपतात.

दोन वर्षं हातात होती. मी काय करत होते?

5 मे, बुधवार

कोरोनामुळे निम्मी माणसं. एका आड एक टेबल रिकामं. आमचा तापमान-कंट्रोलर आणि त्याचा प्रोब मिळून 143 पार्ट. मऊ प्लॅस्टिकचे चौदा निघाले. वायरी, स्लीव्ह, ग्रोमेट, बटणांखालचं रबर, पॅकिंगची पिशवी. चौदा जणांना मेल टाकले.

6 मे, गुरुवार

भोसरीची साप्ताहिक सुट्टी, कंपनी बंद. वडिलांना, अप्पांना, लशीचा दुसरा डोस मिळाला नाही. पिंपळगावला जाऊन रांगेत उभे राहिले आणि परत आले. फोनवर खोकल्याचा आवाज आला. धुळीचा आहे म्हणतात.

8 मे, शनिवार

चौदापैकी नऊ उत्तरं. सहा बरी. वायरवाल्याने 'रोह्स सर्टिफिकेट' पाठवलं. 2016 चं. सहाच पदार्थ. सँपलच्या रकान्यात 'पीव्हीसी दाणा, पांढरा'. आम्ही त्याच्याकडून घेतो काळी वायर आणि करडी वायर. पांढरी कधीच घेतली नाही.

हाच कागद आमच्या फाइलला पाच वर्षं लावलेला आहे. त्यावर माझी सही आहे.

11 मे, मंगळवार

वायरवाल्या काकांना फोन. विचारलं, त्या चार थॅलेटांपैकी डीईएचपी वापरता का?

"छे छे. ते आमच्याकडे येतच नाही मॅडम. आम्ही पहिल्यापासून डीओपी वापरतो. एक नंबर माल."

बरं वाटलं. चहा घेतला.

11 मे, रात्री

झोप येईना म्हणून डेटाशीट उघडली. डीओपी. खाली कॅस नंबर: 117-81-7.

डीईएचपीचा नंबर शोधला. 117-81-7.

एकच. बाजारात एक नाव, कायद्यात दुसरं. काका खोटं बोलले नाहीत. त्यांच्या पिंपावर जे लिहिलंय तेच सांगितलं.

12 मे, बुधवार

मालकांना सांगितलं. म्हणाले, टेस्ट करून घ्या, मग बोलू. आमच्या एक्सआरएफ गनवर थॅलेट दिसत नाहीत. ती शिसं, कॅडमियम, ब्रोमीन दाखवते. थॅलेट शोधायला प्लॅस्टिक विरघळवून जीसी-एमएस यंत्रात घालावं लागतं. बंगळूरच्या लॅबकडे पाठवायचं ठरलं.

14 मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी. लाइनवर कुणी शिरखुर्मा आणला नाही, कुणी आंबा आणला नाही. डबे लांब लांब बसून खाल्ले.

सँपल मीच सोलले. बाहेरचं काळं आवरण वेगळ्या पिशवीत, आतल्या दोन तारांचं इन्सुलेशन वेगळ्या, तांबं वेगळ्या. नव्या मुलाने विचारलं, अख्खी वायर का नाही पाठवत? कायदा वायर मोजत नाही, पदार्थ मोजतो. हाताने, सुरीने वेगळा करता येतो तो प्रत्येक पदार्थ स्वतंत्र. त्या प्रत्येकात वजनाच्या 0.1 टक्क्याच्या आत. कॅडमियमला त्याचाही दहावा हिस्सा. तांब्याच्या वजनाखाली आवरणातलं काही लपवता येत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने कधीतरी स्वतःच्या हाताने वायर सोलली असणार.

17 मे, सोमवार

वादळ. मोशीत झाडं पडली. कुरिअर मुंबईत अडकलं की पुढं गेलं, कळत नाही.

19 मे, बुधवार

ट्रेनिंगच्या जुन्या नोट्स चाळल्या. 2001 चा नाताळ तोंडावर असताना नेदरलँड्सने सोनीचे जवळपास 13 लाख प्लेस्टेशन अडवले होते. कॅडमियम जास्त. कुठे? वायरीत. एवढं मोठं यंत्र, त्यातली चिप, खेळ, सगळं बरोबर. चुकली ती वायर. सर्वांत स्वस्त पार्ट, त्यामुळे कुणी बघितला नव्हता.

आमच्याकडेही वायर खरेदीतला सर्वांत नवा मुलगा बघतो.

22 मे, शनिवार

रिपोर्ट नाही.

25 मे, मंगळवार

रिपोर्ट नाही. अप्पांचा खोकला थांबला. टेस्ट निगेटिव्ह. आई रडली.

28 मे, शुक्रवार

दुपारी 3.40 ला रिपोर्ट.

करडी वायर: चारही थॅलेट आढळले नाहीत.
काळी वायर, बाहेरचं आवरण: डीईएचपी 1,86,000 पीपीएम.

मर्यादा 1,000. आधी वाटलं, एक शून्य जास्त पडलंय. लॅबला फोन केला. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, नाही मॅडम, मऊ पीव्हीसीत एवढं असतं. घातलं की एवढंच घालतात. चुकून पडलेलं नाहीये ते.

18.6 टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम आवरणात जवळजवळ एकोणीस ग्रॅम.

29 मे, शनिवार

मालकांच्या केबिनमध्ये अडीच तास.

तयार माल: 3,200 कंट्रोलर, प्रत्येकाला दोन मीटर काळ्या वायरीचा प्रोब. शिवाय स्टोअरमध्ये नव्वद मीटरची 46 बंडलं.

पहिला विचार जहाजाचा. 22 जुलैच्या आधी जो नग युरोपच्या बाजारात उतरला तो चालतो. कायद्यातच तसं आहे. सीएचएला, म्हणजे कस्टमच्या एजंटला, फोन लावला. न्हावा-शेव्याला कंटेनरच नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधी जागा नाही, पुढे हॅम्बर्गपर्यंत चाळीस-पंचेचाळीस दिवस धरा म्हणाला. मार्चमध्ये सुएझमध्ये जहाज आडवं झालं तेव्हापासून कुणीच तारीख छातीठोक सांगत नाही.

दुसरा विचार विमानाचा. पण आयातदाराला कागद दहा पदार्थांचाच हवाय, माल कधीही पोचो.

मग मालक बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, "हा रिपोर्ट आपण मागवलाच नसता तर?"

मी काही बोलले नाही. त्यांनीच मान हलवली. "जाऊ दे. नवे प्रोब करा."

एप्रिलचा पगार त्यांनी घरचं सोनं ठेवून केलाय. एक्केचाळीस माणसं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यांचा राग येईल असं वाटतंय.

1 जून, मंगळवार

वायरवाल्यांच्या युनिटला गेले. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सहा वर्षं माल घेतोय, एकदाही गेले नव्हते. ऑडिटचा फॉर्म मेलने जायचा, भरून यायचा.

पत्र्याची शेड, दोन एक्स्ट्रूडर. गरम वायर बाहेर पडते, पाण्याच्या लांब हौदातून सरकत जाते, पुढे ड्रमवर गुंडाळली जाते. बघत राहावं असं आहे ते. मागच्या बाजूला मिक्सर. तिथे विशीतला एक मुलगा, तोंडाला गमछा. पांढरी पावडर, कॅल्शियम, कार्बन ब्लॅक. मग निळ्या पिंपातून मगाने तेलासारखं काहीतरी ओततो. तेच. कोपरापर्यंत हात चकचकीत. पँटला पुसले आणि पुन्हा मग बुडवला. वास फारसा नाही. वास असता तर बरं झालं असतं.

युरोपात या पदार्थाची नोंद 'प्रजननाला घातक' अशी आहे. त्या मुलाचं मागच्या वर्षी लग्न झालंय. काकांनी कौतुकाने सांगितलं. लग्नात तेच उभे होते.

काकांना कॅस नंबर दाखवला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. चष्मा काढून पुसला, परत घातला. "म्हणजे तेच की हे." बराच वेळ बघत होते.

करड्यात का नाही मग? करड्याचा दाणा बाहेरून येतो, तयार, यादीत नसलेल्या डीओटीपीचा. काळा ते स्वतः करतात. त्यात भंगाराचा दाणाही जातो. जुन्या वायरी सोलून, दळून. काळ्यात सगळं खपून जातं.

निघताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही पीओवर रोह्स लिहिता. भाव मात्र 2015 चाच देता."

उत्तर नव्हतं. खरं आहे ते.

4 जून, शुक्रवार

खरेदीला सांगितलं, भाव वाढवून द्या. मालकांनी सही केली. काका डीओटीपीत काळी वायर काढून देणार. मिक्सर आणि स्क्रू आधी धुऊन घ्या म्हटलं. पहिली दोन बंडलं फेकायची. एक्स्ट्रूडरमध्ये जुनं चिकटून राहतं.

8 जून, मंगळवार

काल पिरंगुटला कंपनीत आग. 17 जण गेले, बहुतेक बाया. लाइनवर कुणी बोलत नव्हतं. क्रिंपिंगच्या ताईंची वहिनी मुळशीकडेच कामाला असते, दुसऱ्या कंपनीत. सकाळी फोन लागेपर्यंत त्यांनी मशिनला हात लावला नाही. मीही म्हटलं नाही, लावा.

मागचं दार उघडतं का बघितलं. पॅलेट लावलेले होते. काढायला लावले.

10 जून, गुरुवार

अप्पांना वायरीचं सगळं सांगितलं. त्यांना लगेच कळलं. "आपलं सीसीसीसारखं झालं की."

2010. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वेलीची वाढ आवरायला सगळेच ते मारायचे. शेंडा थांबतो, घड भरतो. त्या हंगामात युरोपने द्राक्षात ते सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, मोजलं आणि कंटेनर बंदरांत अडकले. आमचा माल एका मोठ्या एक्स्पोर्टरकडून गेला होता. पैसे आलेच नाहीत. अप्पांनी ट्रॅक्टर विकला.

आज ते जे म्हणाले ते मला माहीत नव्हतं. "वेलीवर राहिली होती ती आपण इथल्या बाजारात दिली. चांगली गेली. गोड होती. तूही खाल्लीस."

थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, गोऱ्या लोकांची नाटकं. आता वाटतं, त्यांनी मोजलं म्हणून आपल्याला कळलं."

15 जून, मंगळवार

नवी काळी वायर. हाताला जरा कडक. डीप फ्रीजरमध्ये उणे पंचवीसला ठेवली, चोवीस तासांनी बोटाभोवती गुंडाळली. तडकली नाही. सँपल बंगळूरला.

16 जून, बुधवार

जुनी 46 बंडलं वेगळ्या रॅकवर. थॅलेट एका मऊ प्लॅस्टिकमधून दुसऱ्यात उतरतात, नुसतं चिकटून ठेवलं तरी. लाल टेप लावला. 'एक्स्पोर्टला वापरू नये.' लिहिताना हात थांबला. नुसतं 'वापरू नये' का नाही लिहिलं?

18 जून, शुक्रवार

आमच्याकडे सोल्डरिंगच्या दोन लाइन आहेत. एक्स्पोर्टची टिन-चांदी-तांब्याची, 217 अंशांना वितळणारी. लोकलची शिशाची, 183 ला. 2006 च्या जुलैत युरोपने बहुतेक उपकरणांतलं शिसं बंद केलं तेव्हा मालकांनी कर्ज काढून दुसरा बाथ घेतला. जुने फोरमन सांगतात, पहिले सहा महिने सगळे जोड डल दिसायचे आणि ते रिजेक्ट करत सुटायचे. डल म्हणजे वाईट हे वर्षानुवर्षं शिकवलेलं.

पंधरा वर्षं झाली. लोकलची लाइन तशीच आहे. तिच्यावर चार बाया बसतात. त्याच टेबलावर डबा उघडू नका, हात धुवा, एवढंच मी सांगत आले. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नियम शिसं मोजतात, पण यादीतल्या वस्तूंपुरतं. कॉम्प्युटर, फोन, टीव्ही, फ्रीज असं. आमचा कंट्रोलर त्या यादीत नाही. थॅलेट तर नियमातच नाहीत. म्हणजे आम्ही काही मोडत नाही.

21 जून, सोमवार

पितळी ग्लँडमध्ये तीन टक्के शिसं. चार टक्क्यांपर्यंत सूट आहे. पण शिसं 2018 पासून रीच या युरोपीय रसायन-कायद्याच्या यादीत, त्यामुळे आयातदाराला हेल्सिंकीच्या डेटाबेसमध्ये नोंद करावी लागते. माहिती भरून पाठवली. तीन तास गेले एका नटात.

25 जून, शुक्रवार

काल वटपौर्णिमा होती, सुट्टीही. आज सगळ्यांच्या हिरव्या बांगड्या. मशिनवर बांगड्या नकोत म्हणून मनगटाला रुमाल बांधले.

संध्याकाळी रिपोर्ट. नवी काळी वायर: डीईएचपी 140 पीपीएम. स्क्रूमधला उरलेला अंश असावा. बाकी तीन आढळले नाहीत. पास.

काकांना फोन केला. म्हणाले, "त्या पोराला हातमोजे आणलेत."

2 जुलै, शुक्रवार

3,200 प्रोब नव्याने. सेन्सर, क्रिंप, स्लीव्ह, स्टीलची टोपी, पॉटिंग. रोज 260 निघतायत. दोन शिफ्ट. संध्याकाळच्या चहाला मालक स्वतः समोसे घेऊन आले.

7 जुलै, बुधवार

डीओसी लिहिलं. 2011/65 आणि 2015/863, दोन्ही नंबर. सही मालकांची, फाइल माझी. दहा वर्षं जपून ठेवायची. 2031. अप्पा तेव्हा ऐंशीचे होतील.

12 जुलै, सोमवार

3,050.

14 जुलै, बुधवार

झाले. खोक्यावर काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह आहे ना, दोनदा बघितलं. विमानाने जाणार. या ऑर्डरमध्ये काही उरणार नाही.

16 जुलै, शुक्रवार

मालकांनी बोलावलं. जुने 3,200 प्रोब आणि 46 बंडलं लोकल ऑर्डरला लावू म्हणाले. सहाशे नगांची ऑर्डर आहे, द्राक्षं थंड करायची प्री-कूलिंग युनिट बनवणाऱ्याची. डिलिव्हरीचा पत्ता निफाड तालुका.

म्हटलं, नको.

"कायद्याने चालतं ना?"

चालतं.

"कुणाला काही होणार आहे का त्याने?"

प्रोब द्राक्षाला लागत नाही, हवेत लटकतो. तेही खरं. पण पाच-सात वर्षांनी ती वायर भंगारात जाईल. मोशीला, आमच्या घराजवळ, कचरा डेपोच्या बाजूने संध्याकाळी तांब्यासाठी वायरी जाळतात. खिडकी लावून घेतली तरी घरात वास येतो. किंवा ती दळून परत दाणा होईल आणि कुणाच्या तरी काळ्या वायरीत जाईल. परत त्याच पोराच्या हातात.

एवढं सगळं बोलले. मालकांनी ऐकून घेतलं. मग विमानाचं बिल माझ्यासमोर ठेवलं. काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, त्या लॉटवर माझी सही नको. बरं म्हणाले.

सही नसली की काम झालं का?

17 जुलै, शनिवार

एक पान लिहून दिलं. नव्या बंडलांचा भाव, जुन्याचा भाव, सहाशे नगांमागे फरक. फार नाही. लोकलला नवी वायर घालून प्रत्येक नगामागे एवढे वाढवले तर ग्राहकाला विचारून बघू, असं. शिशाच्या लाइनचंही खाली एक वाक्य घातलं. एवीतेवी लिहितेच आहे तर. पान त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

20 जुलै, मंगळवार

आषाढी. पालख्या यंदाही बसने. खिचडी आणि पाऊस. जुने फोरमन दरवर्षी वारीला जायचे. आज लवकर घरी गेले.

पान अजून ट्रेमध्येच. वर दोन इनव्हॉइस आलेत.

21 जुलै, बुधवार

माल फ्रँकफर्टला उतरला.

22 जुलै, गुरुवार

तारीख आली. भोसरी बंद. दिवसभर पाऊस. चिपळूणला पाणी शिरल्याच्या बातम्या, माळ्यांवर चढलेली माणसं. मावशीचा फोन लागत नाही.

23 जुलै, शुक्रवार

मावशी सुखरूप, गच्चीवर होती. महाडकडून वाईट बातम्या.

जर्मनीचा मेल, एका ओळीचा. माल मिळाला, कागद बरोबर, धन्यवाद. मालकांनी तो सगळ्यांना पुढे पाठवला.

स्टोअरला गेले. लाल टेपच्या रॅकवर 41 बंडलं. मागे शोधली, खाली शोधली. 41. लोकलचे प्रोब तर तयार पडलेत, मग बंडलं कुठे गेली? विचारलं तर स्टोअरवाला म्हणाला, निफाडच्यांना पाच मीटरचे प्रोब हवेत, दोनचे पुरत नाहीत.

वर आले तेव्हा क्रिंपिंगच्या ताईंच्या टेबलावर काळी वायर होती. मऊ. हाताला लगेच कळते आता.

"मॅडम, ही परत आली. ही चांगली नव्हती ना?"

ट्रेमधलं पान काढलं आणि मालकांची वाट बघत केबिनबाहेरच्या बाकावर बसले. साडेचार वाजलेत. ते अजून आलेले नाहीत. ताईंना म्हटलंय, तोवर करड्याचं काम घ्या.